स्वयंचलित गिअरपेटी : तिचे अंतरंग आणि तिची निगा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा मंचांवर विद्वानांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे, अशी वहिवाट पडून गेली आहे. आज चालकांनी ती मोडली आहे. मी विद्वान नाही. मी मिस्त्री आहे. अंधेरी पूर्वेस एका गल्लीत माझे लहानसे गॅरेज असून तेथे ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरपेट्या उघडणे आणि पुन्हा बंद करणे, हाच माझा अनेक वर्षांचा उद्योग आहे. हात धुऊन आलो आहे, पण नखांतले काळे गेले नाही. त्याबद्दल पहिल्या रांगेतल्या मंडळींची क्षमा मागतो.

आपण म्हणाल, ह्या विषयाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. आगरकर चौकातून सीप्झपर्यंत जाणारी ४१५ क्रमांकाची बस आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीची आहे. ह्याच मार्गावर १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची जुनी डिझेलची दुमजली बस शेवटची धावली. तिला निरोप द्यायला लोक जमले, कोणी फुले आणली, कोणी छायाचित्रे काढली. मी मात्र ड्रायव्हरच्या डाव्या पायाकडे पाहत होतो. ह्या एवढ्या अंतरात किती सिग्नल, किती रिक्षा आडव्या येणार, आणि किती वेळा क्लच दाबावा लागणार! दिवसभरात त्या पायाला जी मेहनत पडते, तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. मुंबईचा माणूस ऑटोमॅटिक गाडीकडे वळला तो ऐश्वर्यासाठी नव्हे. ह्या डाव्या पायाला विसावा मिळावा म्हणून वळला. आणि काहींच्या बाबतीत हा विसाव्याचाही प्रश्न नसतो. ते मी पुढे सांगणार आहे.

ही युक्ती काही कालपरवाची नाही. हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०५ साली द्रवाच्या माध्यमातून शक्ती पोहोचविण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते आगबोटींसाठी होते. मोटारीसाठी अशी पेटी मोठ्या संख्येने प्रथम बाजारात आली ती अमेरिकेत, १९३९ साली, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत. आपल्याकडे ती फार काळ श्रीमंतांच्या गाड्यांपुरतीच राहिली. सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली ती २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओ गाडीबरोबर. पण ती जात निराळी, तिच्याबद्दल शेवटी बोलेन.

आता पेटीच्या आत जाऊ. घरातले दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याची वायर काढून ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसरा हळूहळू फिरू लागतो. दोहोंना जोडणारी एकही कडी नाही, तरी गती पोहोचते. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरपेटी ह्यांच्यामध्ये असेच दोन पंखे एका बंद डब्यात बसविलेले असतात, आणि वाऱ्याच्या जागी तेल असते. मध्ये एक तिसरे लहान चक्र असते. ते परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते, त्यामुळे गाडी जागेवरून उठताना इंजिनाचा जोर सुमारे दुप्पट होऊन चाकांकडे जातो. ह्या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. सिग्नलला आपण ब्रेकवर पाय ठेवून उभे राहतो तेव्हा इंजिन बंद पडत नाही, त्याचे कारण हेच की एक पंखा थांबला तरी दुसरा फिरत राहू शकतो.

ह्या डब्याच्या मानेवर एक पंप चालतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे पुष्कळ अनर्थ हिच्या विस्मरणातून होतात. पंप चालतो तो इंजिनाच्या फिरण्यावर, चाकांच्या फिरण्यावर नव्हे. इंजिन बंद, की पंप बंद. पंप बंद, की पेटीत तेलाचा दाब नाही आणि वंगणही नाही. म्हणूनच बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. आणि म्हणूनच इंजिनाच्या शक्तीवर फिरणारी चाके जमिनीवर ठेवून ती दूरवर ओढून नेऊ नये. आपण समजतो गाडी नुसती घरंगळत आहे. आत मात्र दातेरी चक्रे कोरडी फिरत असतात. घाटकोपरला गाडी बंद पडली आणि दोरी बांधून अंधेरीला आणली, की दुरुस्ती लहान असेल ती मोठी होऊन येते. अशी गाडी सपाट ट्रकवर चढवून आणावी. चार पैसे अधिक जातील, पण पेटी वाचेल.

पंपाने उचललेले तेल जाते व्हॉल्व्ह बॉडीत. कोकणातल्या वाडीत माडांना शिंपणे करताना पाटाचे पाणी कसे फिरवतात ते पुष्कळांनी पाहिले असेल. एका ठिकाणी मातीचा बांध फोडला की पाणी ह्या अळ्यात, दुसऱ्या ठिकाणी फोडला की त्या अळ्यात. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात कोरलेले असेच पाट. बांधाचे काम करतात ते पिचकारीच्या दांड्यासारखे पोलादी व्हॉल्व्ह. दांडा एवढासा सरकला की एक वाट बंद होते आणि दुसरी उघडते. पूर्वी हे दांडे केवळ तेलाच्या दाबाने आणि स्प्रिंगांच्या जोराने हलत. हल्लीच्या पेट्यांत संगणकाच्या हुकमाने विजेचे सोलेनॉइड हा दाब घडवितात. पण शेवटी वाहते ते तेल आणि सरकतो तो दांडाच.

दांडा आणि त्याचे भोक ह्यांमधली फट माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी असते. तेथे कापसाचा एक धागा अडकला, तर दांडा अर्ध्यावर थांबतो आणि गाडी गिअर बदलताना हिसका देते. आमच्या गॅरेजात इंजिन पुसायला चिंध्या आणि कॉटन वेस्ट असतात. परंतु गिअरपेटी उघडलेल्या टेबलाजवळ त्यांना बंदी आहे. भाग धुतले की वाऱ्याने सुकवायचे, नाहीतर धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचे. माझ्याकडे नवा मुलगा कामाला आला की पहिले सहा महिने त्याला मी पाना देत नाही. धुवायला आणि मांडायला शिकवतो. वाटांमध्ये कोठे कोठे हरभऱ्याहून लहान गोळ्या असतात. त्या कोणत्या खळग्यातून निघाल्या हे लिहून ठेवले नाही, तर पुढे वेदान्त्यालासुद्धा सांगता येणार नाही!

आता क्लच. साध्या गाडीत क्लचची एक प्लेट असते आणि ती कोरडी असते. ऑटोमॅटिक पेटीत असे अनेक क्लच असतात आणि प्रत्येकात प्लेटांची एक चळत असते : एक गुळगुळीत पोलादी, एक अस्तर लावलेली, पुन्हा एक पोलादी, अशी. चळत मोकळी असली की दोन्ही जातीच्या प्लेटा आपापल्या फिरतात. मागून पिस्टनने तेलाच्या दाबाने ती आवळली, की सगळ्या मिळून एकजीव होतात. ह्या आवळण्यासोडण्याने मधले सूर्यचक्र, त्याच्या भोवतीची ग्रहचक्रे आणि बाहेरचे कडे ह्यांपैकी कोणाला धरायचे आणि कोणाला फिरवायचे ते ठरते, आणि त्यातूनच पहिला, दुसरा, तिसरा, आणि मागे जाण्याचा गिअर तयार होतो.

ह्या प्लेटांचे अस्तर कशाचे असते असे मी कोणाला विचारले, तर ब्रेकच्या लायनिंगसारखे काही कडक सांगतात. खरे उत्तर ऐकून आपणांस नवल वाटेल. ते बहुतेक वेळा कागदाचे असते! अर्थात वहीचा कागद नव्हे. तंतू आणि राळ ह्यांपासून बनविलेला, सच्छिद्र, डिंकासारख्या द्रव्याने पोलादावर चिकटविलेला. तेल त्या छिद्रांत मुरते, घर्षणाची उष्णता घेऊन बाहेर पडते. सारे ओझे वाहते पोलाद, पण हातात हात धरतो तो कागद. त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत : घसरणे आणि पाणी.

घसरणे म्हणजे काय? दाब कमी पडला की प्लेटा पुरत्या आवळल्या जात नाहीत. इंजिन ओरडते, गाडी पुढे जात नाही, आणि मध्ये कागद जळतो. प्लेट जळालेली असते, परंतु प्लेट हा आरोपी नसून पुष्कळदा बळी असतो. आरोपी निराळाच सापडतो : कोठे पिस्टनचे रबर कडक झालेले, कोठे पंप झिजलेला, कोठे दांडा अडकलेला, कोठे तेलच कमी. जो मिस्त्री नुसत्या जळक्या प्लेटा बदलून गाडी परत देतो, तो आरोपीला मोकळा सोडून फिर्यादीला नवे कपडे शिवतो. सहा महिन्यांनी नव्या प्लेटा जळून ती गाडी परत येते.

म्हणून काम उघडण्यापूर्वी निदान. तेल पट्टीवर घेऊन पाहावे आणि हुंगावे. पुष्कळ गाड्यांतले नवे तेल लाल असते. ते तांबूस तपकिरी झाले तर वयाचे लक्षण, पण काळे पडून करपलेला वास आला तर अस्तर जळाल्याची साक्ष. मग गाडी चालवून कोणता गिअर घसरतो ते पाहावे. मग दाबाचे मीटर लावावे. मीटर खोटे बोलत नाही. दाब सगळीकडेच कमी असेल तर पंप किंवा गाळणी. एकाच गिअरात कमी असेल तर त्या क्लचचे रबर किंवा त्याची वाट. हे सर्व झाल्यावरच पेटी खाली उतरवावी.

पेटी उघडल्यावर जुळणी करताना चार गोष्टी मी कधी चुकवीत नाही. नव्या अस्तराच्या प्लेटा बसविण्यापूर्वी त्याच जातीच्या तेलात भिजत ठेवायच्या. कोरड्या बसविल्या तर पहिल्याच चढावर करपतात. चळत बांधल्यावर वरच्या प्लेटीत आणि रिंगेत किती फट राहिली ती गेजने मोजायची आणि कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहायची. गोखले पुलाचा एक भाग २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला तेव्हा बर्फीवाला पुलाशी त्याची उंची मीटरभराहून अधिक जुळत नव्हती, हे साऱ्या अंधेरीने पाहिले आणि त्यावर हसूनही घेतले. आमच्या कामात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी पूल जुळत नाही. फक्त तो कोणाला दिसत नाही. तिसरी गोष्ट, पिस्टनच्या रबराची कड दुमडू न देता, तेल लावून, हळूच आत सरकवायची. आणि चौथी, सर्व बंद करण्यापूर्वी तेलाच्या वाटेतून हवा सोडून प्रत्येक क्लच तपासायचा. नीट असेल तर आतून ‘ठक्’ असा बसका आवाज येतो. फुसफुस झाली तर रबर गेले.

ह्या चौथ्या गोष्टीसाठी मी एक किंमत दिली आहे. माझ्याहून अधिक ती दुसऱ्याने दिली. ते आज सांगावयाचे ठरवूनच आलो आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑटोमॅटिक गाड्या तेव्हा अंधेरीत हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या. माझ्याकडे एक गृहस्थ येत. कचेरीत कारकून होते. लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय लुळा. पै पै जमवून त्यांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती, कारण लोकलच्या गर्दीत त्यांना चढता येत नसे. तिची पेटी घसरू लागली. मी उतरवली, प्लेटा घातल्या, रबरे घातली. जुळणी संपत आली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. कॉम्प्रेसर बंद केलेला, मुले घरी गेलेली, आणि ते गृहस्थ बाहेर बाकावर बसलेले. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर जायचे होते. कॉम्प्रेसरची टाकी भरायला पाच मिनिटे लागली असती. मी मनाशी म्हटले, ‘इतक्या पेट्या केल्या, ही काय चुकणार आहे!’ आणि हवेची तपासणी न करता पेटी चढवली.

गाडी आठ दिवस चालली. नवव्या दिवशी ऐन पावसात, रहदारीच्या वेळी, एका चढावर तिने पुढे जाणे सोडले. मागच्या गाड्यांचे भोंगे, वरून पाऊस, आणि ते गृहस्थ कुबडी घेऊन रस्त्यावर उभे. मला फोन आला तेव्हा मी धावत गेलो. पेटी पुन्हा उघडली. एका पिस्टनच्या रबराची कड बोटाच्या पेराएवढी दुमडली गेली होती. तेवढ्या वाटेने दाब निसटत राहिला आणि नव्या कोऱ्या प्लेटा जळून कोळसा झाल्या. मी त्यांना खरे ते सांगितले, आणि सारे काम पुन्हा माझ्या खर्चाने केले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मिस्त्री, गाडी बंद पडली की तुमचं एक गिऱ्हाईक थांबतं. माझा पाय थांबतो.”

त्या दिवसापासून माझ्या गॅरेजात हवेचा ‘ठक्’ ऐकल्याशिवाय पेटी गाडीखाली जात नाही. मग रात्रीचे बारा वाजोत, नाहीतर गिऱ्हाईक दारात उभे राहो.

आता दुसऱ्या शत्रूकडे, म्हणजे पाण्याकडे वळू. अंधेरीचा सबवे मोठा पाऊस पडला की भरतो, हे येथे कोणाला सांगण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांत गाड्याच्या गाड्या बुडाल्या. गिअरपेटीला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते. पाणी तिच्यावर चढले की आत जाते. मग लाल तेल आणि पाणी घुसळून काय तयार होते? हुबेहूब सोलकढी! पट्टीवर असा दुधाळ गुलाबी रंग दिसला तर समजावे की अस्तराचा कागद फुगू लागला आहे आणि त्याचा चिकटा सुटू लागला आहे. बुडालेली गाडी ‘जरा चालू करून पाहू’ म्हणून कदापि चालू करू नये. ती उचलून आणावी, तेल आधी पाहावे, मग पुढचा विचार. पाऊस नसतानाही सोलकढी दिसू शकते : पुष्कळ गाड्यांत पेटीचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटात असते, आणि ती आतून फुटली तर रेडिएटरचे पाणी तेलात मिसळते.

तेलाविषयी दोन गैरसमज आहेत. पहिला, ‘हे तेल जन्मभराचे आहे, बदलावयाचे नाही.’ जन्म कोणाचा, हा प्रश्न आहे. पेटीचा जन्म तेलाएवढाच ठरला तर ते वाक्य खरेच आहे! अंधेरीच्या उन्हाळ्यात, तासाला आठदहा किलोमीटरच्या चालीत, टॉर्क कन्व्हर्टर तापतो आणि तेल म्हातारे होते. आपल्या गाडीच्या पुस्तकात कठीण परिस्थितीसाठी तेल बदलण्याचे जे अंतर दिले असेल, तेच आपले समजावे. मुंबईची रहदारी म्हणजे कठीण परिस्थितीच. दुसरा गैरसमज, ‘तेल बदलले आणि पेटी बिघडली.’ बहुधा ती पेटी आधीच जळत आलेली असते आणि घरचे लोक शेवटचा उपाय म्हणून तेल बदलतात. मरणाऱ्याच्या तोंडात गंगाजल घातले, म्हणून गंगाजलाने तो मेला असे आपण म्हणत नाही.

तेलाची जात मात्र पुस्तकात लिहिलेलीच हवी. एकेकाळी अमेरिकेत ह्या तेलात घर्षण नीट राहावे म्हणून स्पर्म व्हेलचे तेल मिसळीत. १९७० नंतर ते थांबले आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधण्याची यातायात करावी लागली. एका थेंबाच्या गुणासाठी एवढा खटाटोप होतो, तर ‘लाल आहे ना, मग कोणतेही चालेल’ असे म्हणणाऱ्याच्या हाती आपली पेटी द्यावी का, हे आपणच ठरवा.

आता २०१४ नंतरची ती निराळी जात. ह्या गाड्यांत आतली पेटी आणि क्लच साध्या गाडीचाच असतो, फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यंत्राचा असतो. एक लहान पंप तेल दाबून साठवितो, आणि त्या दाबाने क्लच उघडतो व मिटतो. म्हणून हिचा आजार साध्या क्लचचाच. पुलाच्या चढावर रांगेत उभे असताना नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, तर क्लच अर्धा मिटलेला राहून जळतो. यंत्राला वाटते आपल्याला जायचे आहे. आपल्याला तर उभे राहायचे असते. तेव्हा ब्रेक दाबा. कोणत्याही ऑटोमॅटिकला हा नियम लागू आहे. आणि मागे-पुढे करताना गाडी पूर्ण थांबल्यावाचून गिअर बदलू नका. ते काम ब्रेकचे आहे, क्लचवर घालू नका.

कोणी विचारील, विजेच्या गाड्या आल्या, त्यांना ही असली पेटीच नाही, मग ही विद्या किती दिवसांची? प्रश्न रास्त आहे. नवी दुमजली बस विजेवरच धावते, हे मी पाहतो. परंतु आज रस्त्यावर असलेल्या पेट्या पुढची कित्येक वर्षे घसरणार आहेत, गळणार आहेत, आणि त्यांच्यावर कोणाची तरी कचेरी, कोणाचा तरी दवाखाना, कोणाचा तरी पाय अवलंबून आहे. शिवाय धुऊन मांडणे, मोजून जुळविणे आणि तपासल्याशिवाय बंद न करणे, ही विद्या पेटीबरोबर जुनी होत नाही.

म्हणून शेवटी एक मागणे. गाडी दुरुस्तीला दिलीत तर मिस्त्रीला ‘किती?’ एवढेच विचारू नका. दाब मोजलात का, प्लेटा का जळाल्या, फट किती ठेवली, हवा सोडून पाहिलीत का, हेही विचारा. जुने भाग मागून घ्या. चांगल्या मिस्त्रीला ह्या प्रश्नांचा राग येत नाही. उलट आपले काम कोणीतरी पाहत आहे ह्याचा त्याला आनंद होतो. आणि रात्री नऊ वाजता त्याच्या बाकावर बसला असाल, तर त्याची घाई करू नका. त्याला त्याची पाच मिनिटे द्या.